अळीवर सोडलेली भरती

गोजराने भाताचा एक चूड मुठीत धरला आणि सुपावर झाडला. टपटप अळ्या पडल्या. करंगळीएवढ्या, पाठीवर पट्टे, पडल्याबरोबर वेटोळं करून मेल्याचं सोंग घेणाऱ्या. चिखलावर सगळीकडे कापलेल्या लोंब्या पसरल्या होत्या. रात्री कोणी विळा फिरवून जावं आणि न्यायचं तेवढं विसरावं, तशा. भात अजून पुरता पिकलाही नव्हता. दाणा चिमटीत दाबला तर दूध निघत होतं.

"आत्याबाय, काल चार खाचरांत होत्या. आज साती खाचरांत हायत," सून पुतळा म्हणाली.

"मना डोळे हायत," गोजरा म्हणाली.

तळवलीच्या खाली, खाडीला लागून गावाची खार होती. तीस घरांची भातं एकाच मोठ्या बांधाच्या आत. बांधात एका जागी लाकडी चौकटीचं दार, त्यात एकावर एक बसवलेल्या पाच फळ्या, तिला उघाडी म्हणायचं. पावसाचं पाणी ओहोटीला तिच्यातून बाहेर सोडायचं आणि भरती आली की फळ्या लावून खाडीला बाहेर ठेवायचं. गोजराची सात खाचरं उघाडीच्या तोंडाशी, सगळ्यात सखल. बाकीच्या गावाची भातं त्यांच्या वर, मध्ये मांडीएवढा आडवा बांध. नवरा गेला तेव्हा गोजराचा धर्मराज तीन वर्षांचा होता. त्याला या सात खाचरांनी वाढवला, त्याचं लग्न या सात खाचरांनी केलं, आणि आता घरातली सात तोंडं पुढल्या भादव्यापर्यंत काय खाणार, तेही या सात खाचरांवरच ठरायचं होतं. तो ठाण्याच्या कारखान्यात लागला होता खरा, पण कारखान्यातून भात येत नाही.

बांधावरून दोघं जण येताना दिसले. पुढे ग्रामसेवक नामदेव, काखेत वही, पायात वहाणा. मागे धर्मराज. आज सर्वपित्री अमावास्या, म्हणून पोरगा सुट्टी काढून आला होता. साल एकसष्टचं. त्या वर्षी नामदेव गावात नवा होता, देशावरचा, आणि चिखलातून वहाणा घालून चालायची खोड त्याची अजून गेली नव्हती.

"आजी, बघितलंत ना? लष्करी अळी म्हणतात हिला," तो लांबूनच म्हणाला. "एका रात्रीत एकर साफ करते."

"आजी कुनाला रं म्हनतंस? तुज्या आजीला माज्याएवढे दात तरी हायत का?" गोजराने सूप पालथं केलं आणि अळ्या टाचेखाली रगडल्या. "आनि लष्कर कसलं? लष्कर दिवसा येतं. ही रातची खाते नि दिवसा मातीत लपते. चोर हाय ही."

"चोर म्हणा. उद्या सकाळी दव असतानाच सगळ्या खारीत पावडर मारायची. पोती आलीत, गावाने सह्या केल्यात."

"मी केली सही, आये," धर्मराज म्हणाला. तो आईकडे न बघता भाताकडे बघत होता.

"माज्या खाचरांवर तुजी सही कशी रं लागली?"

"कागदावर बापाचं नाव हाय."

"तुज्या बापानं इथं एक ढेकूळ तरी टाकलं का? सांग की! भाऊसाहेबाला सांग, बांध कुनी घातलेत ते."

 नामदेवने वही या काखेतून त्या काखेत घेतली. माणूस वाईट नव्हता. कोणाचं भात गेलं तर रात्री त्याला झोप येत नसे, हे गोजरालाही ठाऊक होतं. पण चांगला माणूस चुकला तर त्याला बोलायचं नाही, असा काही तिचा नेम नव्हता.

पावडर तिने पाहिली होती. गेल्या वर्षी नेरूळला, माहेरी, भावाने अशीच मारली होती. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून बायकांनी ती भातावर झटकली. अळी मेली. ते खरं. गोजरा खोटं बोलत नसे, खरं समोरच्याच्या फायद्याचं असलं तरी. पण तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस पडला. खाचराचं पाणी तळ्यात उतरलं आणि सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. भावजयीची सहा बदकं एका ओळीत मेलेली सापडली. पुरचुंडी झटकणाऱ्या बायकांचे हात दिवाळीपर्यंत खाजत होते. आणि तळवलीच्या खारीचं पाणी तर थेट उघाडीतून खाडीत जायचं. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावून चंद्राबाई कोळणीचं घर चालायचं. गोजराच्या घरातही निम्मं वर्ष कालवण व्हायचं ते तिथल्याच चिंबोऱ्यांचं नि निवट्यांचं.

"पावडर नको," ती म्हणाली. "मी भरती सोडते."

नामदेवला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. त्याने धर्मराजकडे पाहिलं.

"खाडीचं पानी खाचरात घ्यायचं म्हनते आये," धर्मराज म्हणाला. त्याच्या आवाजात लाज होती. "माज्या आजीनं एकदा घेतलं होतं. चाळीस वर्सांमागं."

"चाळीस काय नि चार काय! त्या साली भात खाल्ला ना गावानं?" गोजराने पदर खोचला. "ऐक, भाऊसाहेब. जमिनीवर पानी आलं की मातीतली अळी काय करल? वर चढल. भरदुपारी, उन्हात, लोंबीच्या शेंड्यावर. मग तिला पावडर लागत नाय. तिला पाखरं लागतात. आनि पाखरांना सही लागत नाय."

"खारं पाणी? दाणा भरताना? अहो, मुळं जळतील!"

"काळा रता हाय तो. खारीतला भात. पावसाळा आत्ता सरलाय, खाडी अजून मचूळ हाय. घोटाभर पानी दोन-तीन घटका सोसतो तो. ओहोटीला बाहेर काढायचं नि वरनं तळ्याचं गोडं पानी फिरवायचं."

"आणि बाहेर नाही निघालं तर?"

"तर मी मेली," गोजरा म्हणाली. हे ती थट्टेत म्हणाली नाही.

 नामदेवने आपलं म्हणणं सांगितलं. उद्या सकाळी तो स्वतः येईल आणि गोजराच्या भातातले पाच चूड स्वतःच्या हाताने झाडील. एकाही चुडात दोनपेक्षा जास्त अळ्या पडल्या, तर पावडर मारायची. मग वाद नाही.

"नाय घालनार वाद," गोजरा म्हणाली.

भरती भरायची माध्यान्हीला. अमावास्येची भरती, वर्षातल्या मोठ्या भरतींतली एक. हातात एवढी एकच होती. उद्याची भरती यायच्या आधी पावडर पडलेली असणार.

उघाडीची राखण पंढरीच्या घराण्याकडे होती. त्याने हात लावल्याशिवाय फळी हलवायची नाही, हा गावाचा रिवाज. पंढरी गोजराचा चुलत दीर. ती गेली तेव्हा तो अंगणात सोवळ्याने उभा होता. केळीच्या पानावर भात, वडे, घारगे आणि खीर अशी पितरांची वाडी मांडून ती कौलावर ठेवायच्या तयारीत. कावळा शिवेपर्यंत घरात कोणी तोंडात पाणीही घ्यायचं नाही.

"वैनी, अमावसेच्या भरतीला उघाडी उघडत नाय," त्याने ऐकून घेऊन सांगितलं. "माज्या बापानं कदी उघडली नाय."

"तुज्या बापाला माज्या सासूनं उघडायला लावली."

"लावली. तवा तो भियान तीन दिवस जेवला नव्हता."

"मग? चौथ्या दिवशी जेवला ना? भातच जेवला ना?"

पंढरीच्या बायकोने दारातून तोंडाला पदर लावला. पंढरी हसला नाही. "वैनी, तुज्या खाचरांचं तू बघ. पन आडव्या बांधाच्या वर तीस घरांचा भात हाय. पानी त्या बांधावरनं गेलं तर गाव तुना पानी पाजनार नाय. मनाही नाय पाजनार."

"जानार नाय."

"वरची एकच फळी. ऐकतंस ना? एकच. पानी घोट्याला लागलं की परत बसवायची." त्याने हात जोडून डोळे मिटले आणि हात लावण्याच्या बदल्यात जागेवरूनच उघाडीच्या दिशेने नारळ फोडला. "कावळा शिवला की मी येतोच."

गावातला कोणताच पुरुष आज वाडी सोडून येणार नव्हता. धर्मराजही नाही. बापाची वाडी त्यालाच ठेवायची होती. म्हणून उघाडीवर तीन बायकाच जमल्या. गोजरा, पुतळा आणि चंद्राबाई. चंद्राबाई जाळं खांद्यावर टाकून बांधावर फतकल मारून बसली होती.

"पानी आत घेतंस, पन त्यातला मासा माजा," ती म्हणाली.

"घे की. अळ्याही घे."

"अळ्या तुज्या पितरांना ठेव."

"माज्या पितरांची चव तुज्यापेक्षा बरी हाय."

दोघींचं असंच चालायचं. पण चंद्राबाई सकाळपासून इथे बसली होती, कारण पावडर पडली तर पहिलं तिचं जाळं रिकामं होणार होतं. तोंडाने कितीही टवाळी केली, तरी तिची नजर खाडीच्या पाण्यावरून हलत नव्हती.

भरती चढत चढत वरच्या फळीला लागली. पुतळा आणि गोजरा यांनी दोन्ही टोकांनी फळी उचलली. पाणी चौकटीवरून आत सांडायला लागलं. करवंटीतून सांडावं एवढंच. पहिलं खाचर ओलं झालं. दुसऱ्यात एक चमक पसरली. गोजरा चुडांत वाकून बघत राहिली. मातीच्या भेगांतून बुडबुडे येत होते. अळी मात्र येत नव्हती.

सूर्य डोक्याकडे सरकत होता. तिसऱ्या खाचरात पाणी पोचलं तेव्हा भेगांनीच ते पिऊन टाकलं. अजून चार खाचरं कोरडी. या गतीने भरती उलटेपर्यंत निम्मं शेतही भिजणार नव्हतं. आणि उद्या सकाळी तो वहीवाला येऊन नेमका कोरड्या खाचरातला चूड झाडणार. गोजराला तो सुपावरचा टपटप आवाज आत्ताच ऐकू यायला लागला.

"दुसरी काढ," ती म्हणाली.

"पंढरीकाकांनी एकच सांगितली, आत्याबाय."

"भावजी वाडीपाशी बसलेत. इथं मी हाय. काढ."

"गोजरे, अमावस हाय," चंद्राबाई म्हणाली. या वेळी थट्टा नव्हती.

"तुजं जाळं सांभाळ तू!"

पुतळाने सासूकडे पाहिलं आणि एक टोक धरलं. फळी फुगून घट्ट बसलेली, हलेचना. दोघींनी पाय चौकटीला लावून ओढली. हलेना. पुन्हा ओढली. आणि मग ती एकदम अशी सुटली की पुतळा पाठीवर आपटली. फळी तिच्या हातातून निसटली. आत घुसलेल्या पाण्याने ती उचलली आणि भातावरून सरळ लांब नेली.

आता पाणी सांडत नव्हतं. आता ते येत होतं. कंबरेएवढ्या रुंद फटीतून, हिरवट काळं, गुरगुरत.

आणि अळी चढली. पहिल्या खाचरात, मग दुसऱ्यात, मग पाणी जाईल तिथे. प्रत्येक चुडावर खालून वर काळी रांग, लोंब्या वाकायला लागल्या. आधी दोन बगळे आले. मग साळुंक्या. मग कावळे, पाच, पंधरा. मग गावाच्या सगळ्या झाडांवरचे, बहुतेक शेजारच्या घणसोलीचेही. ते भातावर उतरत, लोंबीला लोंबकळत, चोच मारत आणि उडत. सगळ्या खाचरांवर काळं पांढरं नुसतं खालीवर होत होतं. गोजरा पाण्यात उभी राहून बघत होती.  चाळीस वर्षांपूर्वी, सोळा वर्षांची असताना, तिने हे एकदा पाहिलं होतं. सासूने तेव्हा तिचा हात धरला होता. एरवी कधीच नाही.

"आत्याबाय!" पुतळा ओरडली. "पानी पोटरीला आलं!"

गोजरा वळली. पोटरीला नव्हे, गुडघ्याखाली चार बोटं. आणि भरती उलटायला अजून तासभर तरी होता. तिने वरची फळी उचलली आणि चौकटीत घालायला धावली. लोंढ्याने फळी तिरपी केली. चौकटीत ती अडकली ती वाकडीच. पाणी दोन्ही बाजूंनी दुप्पट जोराने यायला लागलं. चौकटीशेजारची माती ढेकळाढेकळाने गळायला लागली. आडव्या बांधाकडे तिने बघितलं. पाण्याची कड त्याच्या माथ्यापासून वीतभर खाली होती. त्याच्या पलीकडे तीस घरांचा भात उभा होता, पंढरीचा, पुतळाच्या माहेरचा, ज्यांनी तिच्याशी कधी धड बोलणं केलं नव्हतं त्यांचाही.

ती पुढे काय करणार हे तिने ठरवलं नाही. वाकडी फळी उपसून तिने चंद्राबाईकडे फेकली. फटीसमोर जाऊन, पाठ खाडीकडे करून, ती चौकटीत खाली बसली. दोन्ही पाय खालच्या फळीच्या आतल्या अंगाला चिखलात रोवले, हातांनी चौकटीचे खांब धरले. पाणी तिच्या पाठीवर आदळलं. ती पुढे झुकली, आणि थांबली. फट बंद झाली नाही, पण लोंढ्याचा जोर मोडला.

"पुतळे, ती वाहून गेलेली फळी आन! भातात घुस, तुडव, काय वाट्टेल ते कर! चंद्रे, तू खांड म्हनून वरड!"

खांड पडली म्हणजे बांध फुटला. खारीच्या गावात ही हाक ऐकली की हातात असेल ते टाकून यायचं. आणि हाकेबरोबर ज्याच्या हातून खांड पडली त्याचं नावही पुकारायचं. नाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहायचं. अमक्याची खांड, तमक्याची खांड.

चंद्राबाई बांधावर उभी राहिली. तिने तोंडाशी हात नेले आणि थांबली. "नाव घेऊ?"

पाणी गोजराच्या खांद्यावरून तोंडावर येत होतं. ती थुंकली. "घे. माजंच घे."

"खांऽऽड! गोजरेची खांऽऽड!"

एका कोळणीचा आवाज खाडीच्या या काठावरून त्या काठावर जातो. तो तळवलीत पोचला. पण गाव आधीच घराबाहेर पडलेलं होतं. सकाळपासून कौलांवर वाड्या ठेवून माणसं काऽव काऽव करून घसा कोरडा करत होती, आणि गावात एक कावळा नव्हता. पोरं भुकेने रडत होती. म्हाताऱ्या म्हणत होत्या, पितर रुसले. शेवटी कोणीतरी माडावर चढलं आणि खाली ओरडलं की सगळे कावळे खारीत आहेत. मग काय करणार? तीस घरचे पुरुष धुतलेल्या धोतरांत, हातांवर केळीची पानं तोलत, रांगेने बांधावरून येत होते. हाक ऐकू आली तेव्हा ते निम्म्या वाटेत होते.

धर्मराज सगळ्यांच्या पुढे होता. त्याने आईला चौकटीत बसलेलं पाहिलं. बापाचं पान बांधावर टाकलं आणि तो धावत सुटला.

"आये, ऊठ! ऊठ तिथनं!"

"फळी आन पयली."

"मी बसतो. तू ऊठ!"

"तू जाडा हायस, इथं मावनार नाय. जागा बदलताना पानी तुना उलटवल. फळी आन!"

पुतळा गळाभर भातातून फळी ओढत येत होती. धर्मराज तिच्याकडे झेपावला. पंढरी पोचला. त्याने एकदाच चौकटीकडे बघितलं, किती फळ्या निघाल्या ते त्याला कळलं.  निम्मी माणसं त्याने आडव्या बांधावर पिटाळली. तिथे दोन जागी पाणी माथ्यावरून पलीकडे पाझरायला लागलं होतं. ती माणसं हातांनी गवताची ढेपं उपटून त्यावर टाकायला लागली, धोतरं चिखलात, सोवळं गेलं कुठल्या कुठे.

चौघांनी फळी आडवी धरली. गोजराच्या डोक्यावर, खोबणीच्या तोंडाशी एक टोक, मग दुसरं.

"वैनी, मी तीन म्हटलं की तू आत झेप टाकायची. आदी नाय, मागनं नाय."

"पाय मेलेत माजे," गोजरा म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज बारीक आला.

धर्मराज पाण्यात गुडघे टेकून तिच्यासमोर बसला. तिच्या काखांत हात घातले. तो तीन वर्षांचा होता तेव्हा तिने त्याला असंच धरून बापाच्या चितेपासून मागे ओढलं होतं.

"एक. दोन. तीन!"

त्याने तिला ओढून अंगावर घेतलं. दोघं मागे चिखलात पडले. फळी खाली बसली. तिघं तिच्यावर उभे राहिले, चौथ्याने वरची दडपली. गुरगुर थांबली. फटींतून नुसता फवारा येत होता. त्यात चंद्राबाईने जाळंच कोंबलं. स्वतःचं.

आडव्या बांधावरून कोणीतरी ओरडलं, "थांबलं! इकडं थांबलं!"

मग सगळे हाश्शहुश्श करत बांधावर बसले. तेव्हा पंढरीला आपलं पान आठवलं. बांधावर ठेवलेली सगळी पानं स्वच्छ होती, खिरीचा थेंब राहिला नव्हता. एक कावळा शेवटचा वडा घेऊन उडत होता.

"कुनाच्या पितरानं कुनाचं खाल्लं, देव जाने," पंढरी म्हणाला. कोणीतरी हसलं. पंढरी गोजराकडे वळला आणि हसू थांबलं. "वैनी, मी एक सांगितली होती."

सगळे बघत होते. गोजराच्या लुगड्यातून पाणी गळत होतं, पाठीची कातडी सोलली होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं की ही बाई स्वतःची चूक सात जन्मांत कबूल करत नाही.

"दोन काढल्या," ती म्हणाली. "मीच काढल्या. पुतळा नको म्हनत होती."

पुतळाने मान खाली घातली. त्या दिवसानंतर तिने सासूचं बोलणं कधी मनाला लावून घेतलं नाही, पण तो वेगळा विषय झाला.

ओहोटी लागल्यावर तिसऱ्या प्रहरी पंढरीने पाची फळ्या काढल्या आणि खारं पाणी खाडीत गेलं. संध्याकाळी त्याने वरच्या तळ्याचं मोरीदार एक घटका उघडलं. गावाचं गोडं पाणी गोजराच्या खाचरांतून फिरलं. "वैनीसाठी नाय, भातासाठी," तो येता-जाता सगळ्यांना सांगत होता.

सकाळी दव होतं. बांधावर पावडरीची पोती आणि पुरचुंड्या घेऊन माणसं थांबली होती. गोजराला वाकता येत नव्हतं. कंबर लाकडासारखी झाली होती. ती बांधावर पाटावर बसली. नामदेव तिचंच सूप घेऊन खाचरात उतरला. आज वहाणा बांधावर काढल्या होत्या.

पहिला चूड. एक अळी. दुसरा. काहीच नाही. तिसरा. दोन. चंद्राबाई प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा सांगत होती, कोणी विचारलं नसताना. चौथा. एक. नामदेव मुद्दाम लांब, आडव्या बांधापर्यंत चालत गेला. तिथे काल पाणी शेवटी पोचलं होतं, आणि बांधाच्या बरोबरीच्या उंचवट्यावर तर पोचलंच नव्हतं. त्याने चूड झाडला आणि सुपात पाहिलं. पुन्हा पाहिलं. सूप तिरपं करून परत सरळ केलं.

"तीन," तो म्हणाला.

 चंद्राबाई म्हणाली, "त्यातली एक मेली आसल! नीट बघ रं!"

"तिन्ही जिवंत आहेत," नामदेव म्हणाला. त्याचं तोंड कडू झालं होतं. त्याला हे नको होतं, हे स्पष्ट दिसत होतं.

गोजराने पाटाची कड घट्ट धरली. सगळ्यांना वाटलं आता तोंड सुटेल. तिने दात आवळले. "वाद नाय घालनार म्हटलं होतं," ती म्हणाली. "नाय घालत."

धर्मराजने नामदेवकडे बघितलं. मग तो खाचरात उतरला आणि त्याच्या हातातून सूप काढून घेतलं. "भाऊसाहेब, हा एक उंचवटा राहिलाय. कोपऱ्यातली पाच-सहा वाफ्यांची जागा. मी वेचतो. हातानं."

"तुमची कारखान्यात पाळी आहे ना आज?"

"बुडवतो."

"पाच-सहा वाफे वेचायला दिवस जाईल."

"जाऊ दे. दिवस बुडायच्या आदी तुमी परत पाच चूड झाडा. तिथलेच झाडा. नाय जमलं तर पोती घेऊन या, मीच मारीन."

नामदेवने बांधावरच्या माणसांकडे पाहिलं. वरच्या अंगाला ज्यांची भातं होती, जिथे भरती चढणारच नव्हती, त्यांनी आपापल्या पुरचुंड्या उचलल्या आणि ते तिकडे चालू लागले. त्यांना दुसरा इलाज नव्हता. पण पंढरी आणि त्याच्या शेजारचे दोघे जागचे हलले नाहीत.

"माज्या आडव्या बांधालगतच्या तीन खाचरांत मी आज भरती घेतो," पंढरी म्हणाला. "माध्यान्हीला. आज वाडी नाय, गडी मोकळे हायत." मग तो गोजराकडे बोट करून म्हणाला, "आनि तू उघाडीजवळ यायचं नाय. तुजे हात बांधून ठेवीन."

"मी कुठं येतंय? मना उठता तरी येतंय का?"

नामदेवने वही उघडली, काही न लिहिता मिटली. "संध्याकाळी येतो," तो धर्मराजला म्हणाला.

धर्मराज आणि पुतळा कोपऱ्यातून वेचायला लागले. एक चूड वाकवायचा, सुपावर झाडायचा, पानांच्या बेचक्यात बोट घालून बघायचं, बुडाची माती उकरायची, पुढचा चूड. कारखान्यात काम करून धर्मराजच्या बोटांची सवय गेली होती. त्याचे दोन चूड होईस्तोवर पुतळाचे चार व्हायचे. ऊन चढलं. गोजरा पाटावरून हलली नाही. कोणी दिलेली भाकरी तिने तशीच मांडीवर ठेवली. एकेका चुडाबरोबर तिची मान हलत होती. तोंडातली जीभ तिने कशी आवरली होती, ते तिलाच ठाऊक. तासभर आवरली. दोन तास आवरली.

"धर्मा," ती शेवटी म्हणाली. "मागं वळ. डाव्या हाताचा एक चूड सोडलास."

धर्मराज मागे वळला, आणि त्याने तो चूड झाडला.